इमान म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या कॉलेजात सगळ्यात स्वस्त झालेला शब्द कोणता असेल तर तो 'गद्दार'. मास बंक ठरलेला असताना एखादा बिचारा अटेंडन्ससाठी वर्गात जाऊन बसला की तो गद्दार. व्हायवा देऊन बाहेर आल्यावर एक्स्टर्नलने काय विचारलं ते सांगितलं नाही की गद्दार. दुसऱ्या ग्रुपबरोबर कँटीनमध्ये चहा प्यायला तरी गद्दार! पण मित्रांनो, जो गद्दार नाही, म्हणजे जो लॉयल आहे, त्याला मराठीत काय म्हणायचं? हा प्रश्न मी हॉस्टेलवर जिला जिला विचारला तिने वेगळं उत्तर दिलं. कुणी म्हणालं 'निष्ठावंत', कुणी 'इमानदार', एकीने हिंदी सिनेमाच्या कृपेने 'वफादार' सांगितलं, आणि मेसच्या मावशी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "खाल्ल्या मिठाला जागणारा, असं म्हन की!"

मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी मराठी बोलायचो, पण लिहायचं-वाचायचं सगळं इंग्रजीत. त्याचा एक फायदा असा झाला की जे मराठी शब्द तुम्ही विचार न करता वापरता, तिथे मी थांबते आणि शब्दकोश उघडते. वरचे चारही शब्द एकाच अर्थाचे वाटतात, पण तसे ते नाहीत. आणि त्यांच्यातला फरक हा फक्त मराठीच्या पेपरात चार मार्कांचा प्रश्न नसून, उद्या नोकरीला लागल्यावर आपल्याला खरोखर लागणारी गोष्ट आहे असं माझं मत झालं आहे. कसं, ते सांगते.

आधी निष्ठा

निष्ठा हा संस्कृत शब्द. 'नि' हा उपसर्ग आणि 'स्था' हा धातू. स्था म्हणजे उभं राहणं. संधीच्या नियमाने स चा ष आणि थ चा ठ झाला, म्हणून निष्ठा. स्थान, स्थिती, स्थिर, प्रतिष्ठा, अनुष्ठान, अधिष्ठान ही सगळी याच घरातली भावंडं. इतकंच काय, फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये आपल्याला छळणारं 'स्टॅटिक्स', झालंच तर 'स्टेबल' आणि 'स्टेशन' हेही लांबचे चुलत भाऊ लागतात, कारण संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच कुळातल्या आहेत. थोडक्यात निष्ठा म्हणजे एका जागी घट्ट उभं राहणं. इक्विलिब्रियम म्हणा ना!

संस्कृतात मात्र तिचा अर्थ 'साहेबांशी एकनिष्ठ' एवढाच नव्हता. पाणिनीने अष्टाध्यायीत 'क्त' आणि 'क्तवतू' या दोन प्रत्ययांना निष्ठा हे नाव दिलं आहे. हे प्रत्यय लागले की क्रिया पूर्ण झाल्याचा अर्थ येतो. कृत म्हणजे केलेलं, गत म्हणजे गेलेलं. निष्ठा या शब्दाला शेवट, पूर्णता असाही अर्थ होता, त्याच्याशी हे जुळतं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण दोन प्रकारच्या निष्ठा सांगतो, एक ज्ञानाच्या मार्गाची आणि दुसरी कर्माच्या मार्गाची. म्हणजे तिथे निष्ठा आहे ती मार्गावर, कुणा माणसावर नाही.

आजच्या मराठीत ती बहुतेक वेळा माणसावर किंवा संघटनेवर असते. स्वामिनिष्ठा, गुरुनिष्ठा, पक्षनिष्ठा. निवडणुकीच्या दिवसांत कुठलाही पेपर उघडा, 'निष्ठावंतांना डावललं' ही बातमी कुठल्या ना कुठल्या पक्षाची असतेच. २०२२ साली आपल्या राज्यातल्या एका मोठ्या पक्षात फूट पडली, तेव्हापासून तर निष्ठा आणि गद्दारी हे शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी बसले. असो. राजकारणात शिरायचं नाही असं आम्हाला संपादकांनी आधीच बजावलंय!

निष्ठेबरोबर कुठली क्रियापदं येतात ते बघा. निष्ठा ठेवतात, निष्ठा वाहतात (देवाला फूल वाहावं तशी). ती अढळ असते, नाहीतर ढळते. आणि ती आंधळीही असू शकते. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग इमान

इमान हा मुळात अरबी शब्द, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा, धर्मावरचा विश्वास. त्याचा धातू अ-म-न असा तीन व्यंजनांचा, आणि त्या धातूचा अर्थ सुरक्षित असणं, भरवशाचं असणं. त्यातूनच अमन म्हणजे शांतता, अमीन म्हणजे भरवशाचा माणूस, आणि अमानत म्हणजे विश्वासाने कुणाकडे सांभाळायला दिलेली वस्तू. ही अमानत मराठीत आली तेव्हा अक्षरांची अदलाबदल होऊन तिची झाली 'अनामत'. होय, तीच अनामत! ॲडमिशनच्या वेळी लायब्ररीची आणि लॅबची म्हणून भरलेली, आणि पास आउट झाल्यावर ऑफिसच्या खिडकीवर चार चकरा मारून परत मिळवायची ती अनामत रक्कम. इमान आणि अनामत ही सख्खी भावंडं आहेत हे कळलं तेव्हा मला भारी मजा वाटली.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. शाळेत दहा वर्षं रोज सकाळी असेंब्लीत प्रार्थना संपली की आम्ही सगळ्या एका सुरात 'आमेन' म्हणायचो. हा आमेन हिब्रू भाषेतला. हिब्रू आणि अरबी या एकाच कुळातल्या भाषा, आणि आमेनचा धातूही तोच, अ-म-न. पक्कं, खरं, तसंच होवो. म्हणजे मशिदीतलं ईमान, चर्चमधलं आमेन आणि माझ्या आजीचं फोनवरचं "इमानानं सांग, जेवलीस का?" हे सगळं एकाच मुळावर उगवलेलं आहे!

मराठीत आल्यावर इमानाने धर्म बाजूला ठेवला आणि व्यवहार धरला. इमानदार माणूस कुठल्याही धर्माचा असू शकतो, किंवा कुठलाच धर्म न मानणारा असू शकतो. कुत्रासुद्धा इमानी असतो. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, तारखेला 'दिनांक' दिला. एवढं सगळं होऊनही इमान बोलण्यातून गेलं नाही. मला वाटतं, त्याची जागा भरून काढणारा शब्द निष्ठेच्या घरात नव्हताच.

आता याची क्रियापदं बघा. इमान राखतात, इमान विकतात, इमानाला जागतात. 'इमानेइतबारे' नोकरी करतात (इतबार म्हणजेही भरवसा). निष्ठा कुणावर तरी असते, 'माझी त्यांच्यावर निष्ठा आहे' असं आपण म्हणतो. इमान मात्र ज्याचं त्याच्याजवळ असतं, म्हणून तर ते विकता येतं! 'आंधळी निष्ठा' आपण सहज बोलून जातो. आता 'आंधळं इमान' असं म्हणून पाहा. जीभ अडते की नाही?

वफादारमधली 'वफा' पण अरबीच. तिचा अर्थ दिलेला शब्द पुरा करणं.

मीठ आणि वासे

मावशींच्या उत्तराकडे येऊ. या सगळ्यात रोखठोक हिशेब मिठाचा. ज्याचं अन्न खाल्लं त्याचं वाईट करायचं नाही, बस्. जो करेल तो निमकहराम. फारसीत नमक म्हणजे मीठ, तेच हे निमक. ज्यांचं पोट दुसऱ्याच्या हातात आहे, म्हणजे शिपाई, नोकर, कारकून आणि हो, आपण सगळे भावी नोकरदार, त्यांच्यासाठी ही कसोटी.

याच्याच शेजारी एक वाक्प्रचार राहतो, 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे'. ज्या घरात पोटभर जेवला, त्याच घराच्या छपराचे वासे मोजत बसला, म्हणजे महाकृतघ्न. बाकीच्या ब्रँचना हे ठीक आहे हो, पण आम्ही सिव्हिलवाल्यांनी काय करायचं? वासे मोजणं हेच तर आमचं काम! क्वांटिटी काढा, बीममध्ये बार किती पडलेत ते बघा, तडे कुठे गेलेत ते बघा. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. ऑडिट म्हणजे दुसरं काय, रीतसर फी घेऊन मोजलेले वासेच की! आणि वासे कुजके निघाले तर ते घरमालकाला तोंडावर सांगणं. ज्याने फी दिली त्यालाच नको असलेली गोष्ट सांगणारा हा इंजिनिअर कृतघ्न म्हणायचा की इमानी?

एक क्रियापद : जागणे

या प्रश्नाचं उत्तर मला एका साध्या क्रियापदात सापडलं. मिठाला जागणे, शब्दाला जागणे, वचनाला जागणे, इमानाला जागणे. सगळीकडे 'जागणे'. इंग्रजीतला लॉयल हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या कायद्याच्या शब्दात आहे, 'लीगल' हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे इंग्रजीत नियम पाळणारा, संस्कृतात घट्ट उभा राहणारा, अरबीत भरवशाचा, आणि मराठीत? मराठीत जागा असणारा. झोप न घेणारा.

माझ्या आजोळी ज्वारी हुरड्यात आली की रात्री शेतावर 'जागल' करायला जातात. माळ्यावर बसायचं, रानडुकरांची चाहूल लागली की डबे वाजवायचे, ओरडायचं. पूर्वी गावात रात्रीचा पहारा देणारा माणूस असायचा, त्याला म्हणत 'जागल्या'. आणि आता बघा हं. एखाद्या कंपनीत किंवा खात्यात चाललेला गैरप्रकार आतल्याच माणसाने उघड केला तर इंग्रजीत त्याला व्हिसलब्लोअर म्हणतात. त्याच्यासाठी मराठी वर्तमानपत्रांनी कुठला शब्द उचलला? जागल्या!

मला हे फार मोठं वाटतं. एरवी अशा माणसाला आपलेच लोक गद्दार म्हणतात, घरभेदी म्हणतात. पण मराठीच्या हिशेबाने मिठाला जागणारा आणि जागल्या हे एकाच क्रियापदाचे दोन मुलगे आहेत. जागल्या ओरडला की सगळ्यांची झोपमोड होते, ती कुणालाच आवडत नाही. पण ओरडण्यासाठीच तर त्याला ठेवलेला असतो. चोर दिसूनही तो गप्प बसला आणि महिन्याचं धान्य घेऊन घरी गेला, तर निमकहराम तो ठरेल.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. प्रत्येक चुगलखोर हा जागल्या नव्हे. मार्क वाढावेत म्हणून सरांच्या कानाला लागणाऱ्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, आणि स्वयंपाकघरातल्या त्या वस्तूचं नाव तुम्हाला माहीत आहे! जागल्या चोर दिसल्यावर ओरडतो, आणि ज्याचं शेत आहे त्याला आधी उठवतो.

ज्यांनी झोप घेतली नाही

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही, कारण इंजिनिअरांवर ही वेळ खरोखर आलेली आहे.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि त्यातले सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. कारण होती बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबराची ओ-रिंग. थंडीत रबर कडक झालं आणि सांधा नीट बंद झाला नाही. हे होऊ शकतं असं रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या रॉजर बोजोले आणि इतर इंजिनिअरांनी आदल्या रात्रीच टेलिकॉन्फरन्सवर सांगितलं होतं. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. मग कंपनीच्या मॅनेजरांनी आपापसात चर्चा केली आणि इंजिनिअरांचा सल्ला फिरवला. 'उड्डाणाला आमची हरकत नाही' असा कागद कंपनीने द्यायचा होता. उड्डाणस्थळी हजर असलेले कंपनीचे ॲलन मॅक्डोनाल्ड यांनी त्यावर सही करायला नकार दिला. शेवटी त्यांच्या वरिष्ठांनी सही करून तो कागद फॅक्सने पाठवला. अपघातानंतर मॅक्डोनाल्ड आणि बोजोले या दोघांनी चौकशी आयोगापुढे खरं काय घडलं ते सांगितलं, आणि त्याबद्दल कंपनीत त्यांना बाजूला टाकण्यात आलं.

आपल्याकडचं नाव सत्येंद्र दुबे. १९९४ साली आयआयटी कानपूरमधून सिव्हिल झालेला इंजिनिअर. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात असताना झारखंडमधल्या कोडरमा भागात सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्याचं काम त्यांच्याकडे होतं. कामातले गैरव्यवहार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून कळवले आणि आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती केली. ते पत्र नावासकट टेबलांवरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्यांना गोळी घालून ठार मारण्यात आलं. तपास यंत्रणेच्या म्हणण्याप्रमाणे हा लुटीतून झालेला खून होता, आणि २०१० मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी ठरवलं. पण ज्याने विश्वासाने नाव सांगितलं त्याचं नाव सांभाळलं गेलं नाही, ही गोष्ट त्या निकालाने पुसली जात नाही. नाव हीसुद्धा अमानतच होती. त्यांच्या मृत्यूनंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने तक्रारदाराचं नाव गुप्त राखण्याबद्दल ठराव काढला. २०१४ साली जागल्यांना संरक्षण देणारा कायदाही मंजूर झाला, पण तो लागू करणारी अधिसूचना पुढे वर्षानुवर्षं रखडली.

आता आपले शब्द लावून बघा. नुसती निष्ठा लावली तर कुणी म्हणेल, साहेबांना डावलून वर पत्र लिहिलं, हे निष्ठेत बसत नाही. मीठ लावून बघा. दुबेंचा पगार यायचा तो जनतेच्या पैशातून. म्हणजे मीठ त्या रस्त्याने जाणाऱ्या ट्रकवाल्याचं, एसटीतल्या म्हातारीचं. आणि तो रस्ता त्या लोकांनी त्यांच्या हाती दिलेली अनामत. ते त्या मिठाला जागले.

अमेरिकेतल्या प्रोफेशनल इंजिनिअरांच्या संघटनेची एक आचारसंहिता आहे. तिच्यात पहिलं तत्त्व लोकांची सुरक्षितता आणि कल्याण सर्वांत वर ठेवण्याचं आहे. मालकाशी किंवा क्लायंटशी विश्वस्तासारखं वागायचं, हे तत्त्व त्यानंतर येतं. विश्वस्त म्हणजे अमीन! क्रम मात्र लक्षात घ्या.

आपलं काय?

आपण काही उद्या रॉकेट सोडणार नाही. आपल्या वाट्याला येईल तो साइटवरचा क्यूब. एम-२० काँक्रीटचा १५० मिलीमीटरचा क्यूब २८ दिवसांनी मशीनखाली ठेवला की त्याने निदान ४५० किलोन्यूटन तरी लोड घ्यायला हवा. समजा तो ३८० लाच फुटला. ज्या साहेबांनी तुम्हाला नोकरी दिली, पहिल्या दिवशी स्वतःच्या डब्यातली भाजी दिली, तेच साहेब प्रेमाने म्हणतात, "अगं, आपलंच काम आहे, लिही ४६०." आंधळी निष्ठा म्हणेल, लिहून टाक. इमान म्हणेल, ३८० लिही आणि साहेबांना स्पष्ट सांग. आणि मीठ काय म्हणेल? मला वाटतं मीठही इमानाच्याच बाजूने बोलेल. स्लॅब पडला तर त्याखाली माणसं मरतात, आणि रजिस्टरवर साहेबांची सही असते. ज्याचं मीठ खाल्लं त्याला त्या सहीपासून वाचवणं, हेच मिठाला जागणं.

शेवटी प्लेसमेंटबद्दल, कारण सीनियर मंडळी सध्या त्याच टेन्शनमध्ये आहेत. इंटरव्ह्यूत हमखास विचारतात म्हणे, "कंपनीशी लॉयल राहाल का?" आणि मग बाँडचा कागद पुढे करतात. माझं सरळ मत असं. बाँडवर सही करायची तर वाचून करायची, आणि केली की शब्द पुरा करायचा. ती वफा. कंपनीची ड्रॉइंग्ज, आकडे, क्लायंटची माहिती बाहेर न्यायची नाही, नोकरी सोडल्यावरसुद्धा. ती अनामत. पगार घेतो त्या दिवसाचं काम पूर्ण करायचं. ते मीठ. मुदत संपल्यावर रीतसर नोटीस देऊन, हातातलं काम नीट सोपवून दुसरीकडे गेलात तर त्यात बेइमानी काडीची नाही, कुणी काहीही म्हणो. मात्र खोट्या आकड्यावर सही मागितली, तर ती देणं या चारांपैकी कुठल्याच शब्दात बसत नाही, आणि 'लॉयल राहाल का' या प्रश्नाला 'हो' म्हणताना आपण ती कबूल केलेली नसते.

निष्ठा ठेवायचीच असेल तर ती हातातल्या कामावर ठेवावी, पाणिनीच्या प्रत्ययासारखी, ते पूर्ण होईपर्यंत.

तर मंडळी, माझ्याजवळ होते ते शब्द मी मांडले. तुमच्या गावाकडे, तुमच्या बोलीत, इमानाला, मिठाला किंवा जागलीला आणखी काही शब्द, म्हणी असतील तर मराठी विभागाच्या संपादक मंडळाकडे जरूर आणून द्या. वऱ्हाडातले, कोकणातले, खानदेशातले, सगळे चालतील. पुढच्या अंकात छापू. इमानानं!